फलत्याग आणि फलपरीक्षा

परोपकाराचा हिशेब ठेवू नये, ही शिकवण आपल्याकडील घराघरांतून पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. दारी आलेल्या अतिथीस काय वाढले ते सांगत सुटणे, आजाऱ्याच्या उशाशी आपण किती रात्री जागलो ते बोलून दाखवणे, अथवा धर्मशाळेच्या बांधकामास दिलेल्या रकमेचा चार माणसांत वारंवार उच्चार करणे, ही सारी क्षुद्र मनाची लक्षणे मानली गेली. आणि उजव्या हाताने केलेले दान डाव्या हातास कळू नये, हा दंडक ज्यांनी कधी धर्मग्रंथ हाती धरला नाही अशा माणसांनीही आपल्या वर्तनात पाळला. या संस्कारात वाढलेला मनुष्य जेव्हा एखाद्या धर्मादाय दवाखान्यात, आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणकेंद्रात अथवा दुर्गम तालुक्यातील एखाद्या लहानशा संस्थेत आपले आयुष्य वेचू लागतो, आणि एके दिवशी कोणी मूल्यमापक दप्तर उघडून त्याच्यासमोर बसतो व विचारतो की, तुमच्या इतक्या वर्षांच्या सेवेमुळे नेमके काय घडले, तुम्ही नसता तर काय घडले नसते, आणि हे कशावरून म्हणावे, तेव्हा त्याच्या मनास जो धक्का बसतो तो केवळ दुखावलेल्या अभिमानाचा नसतो. आपण ज्यास पूजा समजत होतो त्याची कोणी जमाखर्चाच्या वहीत नोंद करू पाहत आहे, असे त्यास वाटते. ही वेदना खरी आहे आणि तिचा विचार आदरानेच केला पाहिजे.

आरोग्यसेवेतील नेतृत्व, त्या सेवेसाठी दिले जाणारे प्रशिक्षण आणि सेवाभावी संस्थांचे सामर्थ्य यांचे संशोधनपूर्वक मूल्यमापन करणे हा आज एक स्वतंत्र व्यवसायच झाला आहे. आपल्या देशात तर त्यास कायद्याचेही पाठबळ मिळाले आहे: २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याचा ठराविक हिस्सा समाजकार्यावर खर्च करण्याचे दायित्व घातले, आणि २०२१ च्या जानेवारीपासून, ज्यांचे हे दायित्व सरासरी १० कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, त्यांनी १ कोटी वा अधिक खर्चाच्या प्रकल्पांच्या परिणामांची तपासणी त्रयस्थ संस्थेकडून करून घ्यावी, असा नियम झाला. त्यामुळे नमुना किती घ्यावा, प्रश्नावली कशी रचावी, तुलना कोणाशी करावी, या तांत्रिक बाबींचा ऊहापोह पुष्कळ होतो. परंतु या सर्व खटाटोपाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो तंत्राचा नसून धर्माचा आहे. निष्काम भावाने केलेल्या सेवेचे फल तपासावे काय? आणि तपासल्यास तिची निष्कामता टिकते काय?

निष्काम कर्माचा आधार घेऊन 'नाही' असे उत्तर देणारे पुष्कळ आहेत. आपला अधिकार कर्मावर, फलावर नव्हे, या गीतेतील सिद्धांताचा अर्थ ते असा लावतात की, सेवकाने आपले काम मनोभावे करावे, पुढे काय होते ते ईश्वरावर सोपवावे, आणि मागे वळून पाहण्याचा मोह टाळावा. पण त्याच ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात कर्माचे त्रिगुणांनुसार जे वर्गीकरण केले आहे, ते या अर्थाच्या आड येते. पुढे परिणाम काय होतील, किती क्षय होईल, कोणास इजा पोचेल आणि आपल्या अंगी सामर्थ्य किती आहे, या चार गोष्टींचा विचार न करता केवळ मोहाने आरंभलेले कर्म, त्यामागील हेतू कितीही गोड वाटला तरी, तेथे तामस ठरवले आहे. त्याआधीच्या अध्यायात दानाविषयीही हाच कटाक्ष आहे: देश, काल आणि पात्र पाहून दिलेले ते सात्त्विक, आणि अवेळी, अपात्री, अनादराने दिलेले ते तामस. परिणाम, क्षय, इजा आणि सामर्थ्य या चार बाबींकडे लक्ष दिले असता असे दिसून येईल की, एखाद्या आरोग्यप्रकल्पाचा उत्तम अहवाल ज्या चार प्रकरणांत विभागला जावा ती हीच होत. या उपक्रमाने रुग्णांचे काय झाले, यात किती द्रव्य आणि किती मनुष्यबळ वेचले गेले, या प्रयत्नात कोणाचे अहित झाले काय, आणि हे काम पेलण्याची ताकद संस्थेच्या अंगी होती काय, यांवाचून पाचवा प्रश्न मूल्यमापक तरी कोणता विचारणार?

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्मयोगाचे प्रयोजन म्हणून लोकसंग्रहास जे स्थान दिले, ते ध्यानात घेतले म्हणजे हा विचार आणखी पुढे जातो. कर्माचे प्रयोजन जर लोकांचे धारण आणि कल्याण हे असेल, तर लोकांचे धारण प्रत्यक्षात झाले की नाही ही चौकशी कर्मयोग्यास परकी कशी ठरेल? जो म्हणतो की मी लोकांसाठी राबतो, पण लोकांचे काय झाले ते मला पाहावयाचे नाही, तो वस्तुतः आपल्या राबण्यावर प्रेम करीत असतो. फलाची आसक्ती आणि फलाची परीक्षा या परस्परविरोधी वृत्ती आहेत. आसक्त मनुष्य फलाकडे पाहतच नाही. तो आपल्या मनाने रंगवलेल्या फलाच्या चित्राकडे पाहतो, आणि त्या चित्रास तडा जाईल अशा प्रत्येक आकड्याची त्यास भीती वाटते. उलट ज्याची बुद्धी यशापयशी सम झाली आहे, तोच अपयशाचा अहवाल शेवटच्या पानापर्यंत शांतपणे वाचू शकतो. म्हणून माझे असे मत आहे की, फलत्याग ही फलपरीक्षेच्या मार्गातील अडचण तर नव्हेच, उलट ती परीक्षा प्रामाणिकपणे व्हावयाची असेल तर तिची पहिली अट आहे.

उपासना आणि गणना यांचा मेळ बसू शकतो याचे एक मोठे उदाहरण फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिच्या चरित्रात आहे. १८५४ साली ती स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली. तिच्या हातातील दिव्याची कथा आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, पण युद्धावरून परतल्यावर विल्यम फार या सांख्यिकीतज्ज्ञाच्या साहाय्याने तिने मृतांचे जे तक्ते सिद्ध केले ते तितकेसे ठाऊक नसतात. रणांगणावरील जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक सैनिक दगावले, हे तिने त्या तक्त्यांतून उघड केले, आणि १८५८ साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेची ती पहिली स्त्री-सदस्य झाली. ईश्वर नियमांच्या द्वारे जगाचा कारभार चालवतो, ते नियम पुष्कळ घटनांच्या गणनेतून मनुष्यास उमगतात, आणि उमगल्यावर त्यांनुसार वागणे हीच ईश्वराची सेवा, अशी तिची दृढ श्रद्धा होती. रुग्णाचे कपाळ पुसणे आणि मृतांची संख्या मांडणे ही एकाच भक्तीची दोन अंगे तिच्या जीवनात झाली.

भक्तीच्या या दुसऱ्या अंगाची किंमत काय पडते, हे बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या शल्यवैद्याच्या अनुभवास आले. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाची एक वर्षानंतर विचारपूस करावी, गुण आला की नाही हे एका पत्रकावर नोंदावे, आणि गुण न आल्यास तो का आला नाही याचे कारण शोधावे, एवढीच त्याची मागणी होती. मोठ्या इस्पितळांनी ती मानली नाही, तेव्हा १९११ साली त्याने स्वतःचे छोटे रुग्णालय काढले, आणि १९१६ पर्यंत तेथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या बाबतीत आपल्याकडून घडलेल्या १२३ चुका वर्गवारी लावून छापून प्रसिद्ध केल्या. १९१५ साली एका जाहीर सभेत त्याने नगरीतील प्रतिष्ठित वैद्यकवर्गाचे व्यंगचित्र मांडले, तेव्हा त्या वर्गाची त्याच्यावर जी अवकृपा झाली ती त्यास दीर्घकाळ भोवली; १९४० साली तो वारला आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसण्यास २०१४ साल उजाडावे लागले. तथापि त्याची कल्पना मेली नाही. अमेरिकेतील शल्यवैद्यांच्या महाविद्यालयाने १९१८ मध्ये शंभर वा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची तपासणी केली, तेव्हा किमान निकषांस केवळ ८९ उतरली. आणि ही यादी वृत्तपत्रांच्या हाती पडू नये म्हणून ती न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातील भट्टीत जाळून टाकण्यात आली. ज्यांनी ती जाळली ते दुर्जन नव्हते; कित्येकांनी आपले तारुण्य रुग्णांच्या सेवेत घालवले असेल. पण सेवेचे फल हे आपल्या कीर्तीची मालमत्ता आहे, असे त्यांनी नकळत मानले होते, आणि मालमत्ता धोक्यात येताच ती वाचवण्याची तजवीज त्यांनी केली. कॉडमनने ते फल रुग्णाचे मानले, म्हणून ते उघड करणे त्यास प्राप्त झाले.

कॉडमनच्या या भूमिकेतच या प्रश्नाचे मर्म आहे असे मला वाटते. सेवेचे फल ज्याची सेवा झाली त्याचे असते. सेवक त्यावरील हक्क सोडतो याचा अर्थ ते बेवारस होते असा नव्हे. ते त्याच्या खऱ्या धन्याकडे जाते, आणि धन्यास आपली वस्तू पाहण्याचा, तपासण्याचा व कमी भरल्यास जाब विचारण्याचा पूर्ण अधिकार असतो.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या विचाराची कसोटी गडचिरोली जिल्ह्यात जशी लागली तशी क्वचितच अन्यत्र लागली असेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे 'सर्च' ही संस्था स्थापन केली. नवजात अर्भकांचे मृत्यू हा त्या भागातील मोठा प्रश्न होता; इस्पितळ दूर, रस्ते पावसाळ्यात बंद, आणि बाळंतीण व बाळ यांनी घराबाहेर पडू नये असा रिवाज. तेव्हा उपचारच घरी न्यावा, आणि तो पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच स्त्रीने करावा, असा प्रयोग त्यांनी योजला. बाळाचे वजन करणे, त्यास ऊब देणे, श्वास अडकलेल्या बाळास नळी आणि मुखवट्याच्या साहाय्याने श्वास देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि प्रसंगी प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, इतके काम या आरोग्यदूतांस शिकवण्यात आले. १९९३ ते १९९५ या काळात आधीची स्थिती नोंदली गेली. त्यानंतरची तीन वर्षे ३९ गावांत हा उपक्रम चालला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली गेली. १९९९ च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांनुसार, प्रयोगाच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६२ असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आले, आणि त्याच वर्षी तुलनेच्या गावांत ते ६० च्या जवळपास होते.

या आकड्यांपुढे आनंदाने मान लवते; पण धर्मविचार करणाऱ्याने येथेच थांबून त्या ४७ गावांकडेही पाहिले पाहिजे. तेथेही अर्भके जन्मली, तेथील सरकारी सेवा पूर्वीप्रमाणे चालू राहिली, आणि जी दगावली त्यांची नोंद झाली. ज्या उपायाने पलीकडच्या गावातील बाळ वाचत होते तो या गावास तेव्हा मिळाला नाही. हे न्याय्य होते काय? या प्रश्नास सोपे उत्तर देणारा मनुष्य त्याचे गांभीर्य जाणत नाही. माझ्या मते उत्तर असे आहे की, उपाय गुणकारी आहे की नाही हे जोवर कोणासच ठाऊक नाही, तोवर तो एका गावास देणे आणि दुसऱ्या गावास न देणे यांत पक्षपात नाही. शाळा शिकलेल्या मुलीच्या हातचे इंजेक्शन बाळास तारील की मारील, ही त्या वेळी खरीखुरी शंका होती, आणि शंका असताना सर्व गावांवर एकदम प्रयोग करणे हेच अधिक मोठे साहस ठरले असते. परंतु अज्ञानाने दिलेली ही सवलत ज्ञान होताच संपते. ज्या दिवशी उपाय गुणकारी ठरतो त्या दिवशी तो रोखून धरणे अधर्म होतो; आणि आणखी असे की, ज्यांनी तुलनेसाठी आपल्या घरातील जन्म आणि मृत्यू मोजू दिले त्यांचे एक ऋण संशोधकाच्या माथी चढते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण आपल्या परंपरेने सांगितलेच आहेत. मोजल्या गेलेल्यांचे ऋण हे त्यांच्याच जातीचे आहे, आणि ते फेडण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे मिळालेले ज्ञान सर्वांच्या कामी लावणे. महाराष्ट्रातील सात स्वयंसेवी संस्थांना हीच पद्धत शिकवून 'अंकुर' या प्रकल्पात तिची अन्यत्र परीक्षा झाली, आणि २०११ साली केंद्र सरकारने 'आशा' कार्यकर्तींच्या द्वारे नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा कार्यक्रम देशभर हाती घेतला, तेव्हा त्या ऋणाचा मोठा भाग फिटला असे म्हणता येईल. ज्या अभ्यासाचा अहवाल कपाटात पडून राहतो, त्यातील प्रत्येक उत्तरदात्याचे ऋण मात्र तसेच थकलेले राहते.

प्रशिक्षणाच्या मूल्यमापनात हाच धर्म अधिक सूक्ष्म रूपाने पाळावा लागतो. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ पासून लिहिलेल्या लेखांत प्रशिक्षणाची परीक्षा चार पायऱ्यांनी करावी असे सुचवले: शिकणाऱ्यास ते आवडले काय, तो काही शिकला काय, कामावर परतल्यावर त्याचे वर्तन बदलले काय, आणि त्या बदलाने ज्या कार्यासाठी तो शिकला त्याचे भले झाले काय. पहिली पायरी सोपी, कारण वर्ग संपता संपता एक कागद भरून घेतला की काम झाले. आणि म्हणूनच असंख्य अहवाल त्या पायरीवरच विसावतात. परंतु प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास नेतृत्वाचे धडे दिले असतील, तर ते त्यास आवडले की नाही याच्याशी त्या केंद्रात प्रसूत होणाऱ्या स्त्रीला काय कर्तव्य आहे? तिच्या दृष्टीने प्रश्न असे आहेत की, औषधे संपण्यापूर्वी त्याने मागणीपत्र धाडले काय; परिचारिकेने त्याची चूक दाखवली तेव्हा त्याने ती ऐकून घेतली काय; रात्रपाळीस कोणी हजर नव्हते त्या रात्रीची चौकशी त्याने दोष देण्यासाठी केली की घडी बसवण्यासाठी. हे तपासण्यास महिने आणि वर्षे लागतात, आणि त्यासाठी मूल्यमापकास सभागृहातून उठून वॉर्डात, आणि वॉर्डातून त्या स्त्रीच्या घरी जावे लागते.

जामखेडचे उदाहरण येथे स्मरते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली अहमदनगर जिल्ह्यातील त्या दुष्काळी तालुक्यात सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला, आणि १९७९ साली त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळाले. तेथील ग्राम-आरोग्यसेविकांपैकी अनेक दलित समाजातील, अनेक निरक्षर. त्यांचे शिक्षण एका शिबिरात संपणारे नव्हते, तर त्या आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला येत, गावात काय घडले ते एकमेकींस सांगत, आणि त्यातूनच पुढचा धडा निघे. अध्यापन आणि मूल्यमापन यांत तेथे भिंत नव्हती. जिच्या हातचे पाणी घेण्यास एके काळी शेजारीण तयार नव्हती तिलाच बाळंतपणासाठी बोलावणे येऊ लागले, हे कोणत्याही परीक्षापत्रिकेत न मावणारे, तरीही डोळ्यांनी दिसणारे आणि गावाने साक्ष द्यावी असे फल होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांच्या सहभागाने चालणाऱ्या आरोग्यकार्यांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात जामखेडचा समावेश झाला, आणि त्यानंतर तीन वर्षांनी अल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेची जी घोषणा झाली तिच्या पार्श्वभूमीवर अशाच कामांचा अनुभव होता.

आता संस्थांच्या सामर्थ्याविषयी. गीतेने सांगितलेल्या चार गोष्टींपैकी चौथी, म्हणजे आपली शक्ती किती याचा विचार, हीच सेवाभावी मंडळींकडून अधिक उपेक्षिली जाते. कारण दुःख समोर उभे असताना आपली ऐपत मोजत बसणे त्यांस निर्दयपणाचे वाटते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यापासून आपल्या राज्यातील न्यासांना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करून हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि ती रुजुवात आवश्यकच आहे. परंतु ताळेबंदावरून पैसा योग्य खाती पडला एवढेच कळते, संस्थापकांच्या पश्चात हे काम चालेल काय, दुसरी फळी तयार आहे काय, एका दात्याने हात आखडता घेतला तर सेविकांचे मानधन कोठून येईल, हे कळत नाही. संस्था कोसळते तेव्हा संस्थापकांचे स्वप्न भंगते, एवढ्यावर भागत नाही. तिच्या भरवशावर इतर वाटा सोडून दिलेला क्षयरोगी औषधाविना राहतो, आणि अर्धवट उपचारामुळे त्याचा रोग अधिक दुर्धर होतो. म्हणून संस्थेचे सामर्थ्य मोजणे हा व्यवस्थापनशास्त्राचा शौक नसून अहिंसेचाच एक भाग आहे.

मात्र मोजणाऱ्यांवरही तितकीच मोठी जबाबदारी आहे, आणि ती चुकली तर केवढा अनर्थ होतो हे आपण आणीबाणीत पाहिले आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांच्यावर ठराविक आकड्याचे उद्दिष्ट लादले गेले. आणि आपल्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले, जे राष्ट्रपतींच्या संमतीअभावी अमलात आले नाही. कागदावर पाहता तो कार्यक्रम अपूर्व यशस्वी होता. डोनाल्ड कॅम्पबेल या समाजशास्त्रीय संशोधकाने त्याच १९७६ साली असे प्रतिपादन केले की, एखाद्या संख्येवर निर्णय जितके अधिक अवलंबून ठेवावेत तितकी ती संख्या भ्रष्ट होते आणि जे कार्य ती दाखवावयाची त्यासही भ्रष्ट करते. केंद्र सरकारने १९९६ साली कुटुंबकल्याणातील उद्दिष्टांची ही पद्धत मागे घेतली. पण ज्यांच्या देहावर तो आकडा पुरा झाला त्यांचे काय? आकडा जेव्हा सेव्याच्या हितापासून तुटून सेवकाच्या बढतीशी, अथवा दात्याच्या कीर्तीशी जोडला जातो, तेव्हा फलाची आसक्तीच फलपरीक्षेचा वेष घेऊन परत येते. आज लहान संस्थांकडून चार दात्यांनी चार निराळ्या नमुन्यांत मागवलेले तिमाही अहवाल, ज्यांच्यापायी सेविकेचा भेटीचा दिवस कागदावर जातो, आणि ज्यांत अपयश लिहिले तर पुढील अनुदान धोक्यात येते, हे त्याच रोगाचे सौम्य रूप आहे. दात्याने परीक्षा मागावी; पण परीक्षेचा खर्च त्याने स्वतः सोसावा, आणि अपयशाची प्रामाणिक नोंद करणाऱ्यास शिक्षा होणार नाही अशी हमी आधी द्यावी.

आणि इतके करूनही काही उरतेच. मरणोन्मुख रुग्णाच्या शेवटच्या रात्रीची सोबत कोणत्याही मृत्युदरात फरक पाडत नाही. ज्याचे नातलग फिरकत नाहीत अशा वृद्धाशी कोणी रोज नावाने बोलले, तर त्याचा रोग हटत नाही. ॲव्हेडिस डोनाबेडियन याने १९६६ साली वैद्यकीय सेवेच्या गुणवत्तेची परीक्षा साधने, प्रक्रिया आणि फलित या तीन अंगांनी करावी असे प्रतिपादून या शास्त्राचा पाया घातला. पुढे जगभर जे मोजमाप झाले त्याचा तो आचार्यच. हाच मनुष्य, आयुष्याच्या अखेरीस स्वतः दुर्धर व्याधीने खाटेवर खिळला असता, एका मुलाखतीत सांगून गेला की गुणवत्तेचे अंतिम रहस्य प्रेमात आहे, रुग्णावरील, आपल्या व्यवसायावरील आणि ईश्वरावरील प्रेमात. ते असेल तर मागे वळून पाहता येते आणि व्यवस्था सुधारता येते. त्याने मोजमाप खोटे ठरवले नाही. प्रेम असणाराच मोजण्याचे कष्ट कशासाठी घ्यावयाचे हे जाणतो, आणि जे मोजता येत नाही त्याचा, केवळ ते रकान्यात बसत नाही म्हणून, अनादर करीत नाही.

तेव्हा सेवेची परीक्षा करणाऱ्या, करून घेणाऱ्या आणि करावयास लावणाऱ्या सर्वांनी आपल्या कामास एका प्रश्नाने आरंभ करावा: या परीक्षेचा निष्कर्ष प्रथम कोणास सांगितला जाणार आहे? तो जर दात्याच्या कचेरीत किंवा परिषदेच्या व्यासपीठावर प्रथम जाणार असेल आणि ज्यांच्या चुलीजवळ बसून माहिती गोळा केली त्यांच्या गावी कधीच परतणार नसेल, तर आपण दुसऱ्याचे फल तिसऱ्यास विकले, असे निःशंक समजावे. तो जर त्यांच्या ग्रामसभेत, त्यांच्या बोलीत, त्यांना उलट प्रश्न विचारता येतील अशा रीतीने मांडला जाणार असेल, तर ती परीक्षा सेवेचाच पुढला भाग झाली. सेवेचे फल सोडावे ही आज्ञा मला शिरोधार्य आहे. पण सोडलेले फल ज्याचे आहे त्याच्या हाती, पुरे आणि उघडे, पोचवल्यावाचून तो त्याग पूर्ण होत नाही. ज्यास आपल्या कामाचे फल उजेडात मांडण्याची अजून धास्ती वाटते, त्याने त्यामुळे सेवा सोडू नये. आपल्या ठायी आसक्ती शिल्लक आहे एवढे ओळखावे, आणि तीच पहिल्याने सोडण्यासाठी उद्याच आपले दप्तर लोकांपुढे उघडावे.